कारल्याचा स्वभाव

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, असा जो एकतर्फी निकाल आपल्या भाषेने पिढ्यानुपिढ्या कायम ठेवला आहे, तो वस्तुतः कारल्यावर नसून मनुष्यस्वभावावर आहे. आणि म्हणूनच त्याच्या फेरतपासणीचा अर्ज करावासा वाटतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील जुन्या घरांतून कारले शिजते कसे, हे ज्याने पाहिले असेल, त्याला या निकालातील उणीव सहज उमगेल. येथील गृहिणी तूपसाखरेच्या वाटेला जातच नाही. ती पाठ खरवडते, चकत्या करून जून बिया काढते, मीठ चोळून परात अर्धा तास बाजूला ठेवते आणि मग मूठ अशी आवळते, की बोटांच्या फटींतून हिरवट, फेसाळ पाणी गळू लागते. मीठ आतले पाणी ओढून घेते, त्यासवे कडवटपणाचा काही अंश जातो. चकत्यांत उरलेले मीठ जिभेची कडूची जाणीव मंद करते. चिंचेचा कोळ, गूळ, दाण्याचे कूट, कांदा-लसूण चटणी यांचा अंमल त्यानंतरचा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराच्या विचाराची जी आठ अंगे सांगितली आहेत, त्यांत द्रव्याची प्रकृती हे एक, आणि पाणी, अग्नी, धुणे, घुसळणे, काळ, पात्र यांच्या योगे त्यात गुणांतर घडविणारा संस्कार हे दुसरे. म्हणीतल्या स्वयंपाक्याने अग्नी दिला खरा. परंतु आतले काही काढून घेण्याचे कष्ट न करता वरून साखरेचा मुलामा चढविला, आणि अपयशाचे खापर मात्र प्रकृतीच्या माथी फोडले!

तथापि कडूचे समूळ उच्चाटन हेही सुगरणीचे उद्दिष्ट नव्हे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवून जेथे गुळाची पेठ उभी केली, त्या कोल्हापुरात गुळाला तोटा कसला? तरी कारल्यात तो बेतानेच पडतो, आणि मुळीच कडू न लागणारे कारले जाणत्या खवय्याच्या लेखी फसलेलेच ठरते. गुढीपाडव्याला धर्मानेही वर्षाच्या पहिल्या घासाचा मान कडुनिंबालाच दिला. गूळ, ओवा, मिरे, हिंग हे त्याचे केवळ जामीन.

चरकाच्या त्या आठ अंगांतील अखेरचे अंग म्हणजे उपयोक्ता, अर्थात खाणारा स्वतः. एका घरातून जे पिळलेले पाणी मोरीत जाते, तेच मिठावाचून मिळावे म्हणून शेजारचे मधुमेही आजोबा सकाळीच पेला पाठवितात.