कॅथलिक किशोर आणि प्रेषितकार्याची हाक

बाप्तिस्मा झालेली प्रत्येक व्यक्ती ख्रिस्ताची शिष्य असते आणि त्याच दिवसापासून ती जगात पाठवलेलीही असते, अशी कॅथलिक चर्चची शिकवण आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारी ‘मिशनरी शिष्य’ ही संज्ञा ब्राझीलमधील अपारेसिदा येथे मे २००७ मध्ये भरलेल्या लॅटिन अमेरिकी बिशपांच्या पाचव्या सर्वसाधारण परिषदेत ठळकपणे पुढे आली. परिषदेच्या अंतिम दस्तऐवजाचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते ब्यूनोस आयरेसचे कार्डिनल बर्गोग्लिओ. पुढे पोप फ्रान्सिस झाल्यावर त्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘एव्हांजेली गौदियुम’ हे पत्र काढले आणि ही संज्ञा जगभरच्या धर्मग्रामांत पोहोचली. विचार मात्र त्याहून जुना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये चर्च स्वभावतःच मिशनरी असल्याचे म्हटले. प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील त्याच वर्षीच्या दस्तऐवजात तर तरुणांमध्ये पहिले प्रेषित तरुणांनीच व्हावे, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. मुलांनाही त्यांच्या वयाला साजेसे प्रेषितकार्य असते, हेही तिथे नमूद आहे.

शिकवण इतकी स्वच्छ असूनही व्यवहारात तेरा ते एकोणीस हे वय वाट पाहण्याचे मानले जाते. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मुलाने आधी शिकावे, प्रार्थना पाठ कराव्यात, दृढीकरण संस्कार घ्यावा, मोठे व्हावे आणि मग कधीतरी चर्चसाठी काही करावे, असा क्रम मनात ठरलेला असतो. तो उलटा आहे. किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी शिष्य म्हणून घडते ती कुणीतरी विश्वासाने सोपवलेले काम करता करता. शुभवर्तमानातही येशू शिष्यांची परीक्षा घेऊन मग त्यांना धाडत नाही. त्यांना नीट उमगण्याआधीच तो त्यांना दोघादोघांच्या जोडीने गावोगाव पाठवतो आणि परतल्यावर त्यांच्याशी बोलत बसतो. ज्या धर्मग्रामांना हा क्रम उमगला आहे तिथे दृढीकरणानंतरही मुले चर्चमध्ये दिसतात. जिथे तो उमगलेला नाही तिथे हा संस्कार निरोपसमारंभासारखा होऊन बसतो. बिशपांच्या हातून तेल लागते, फोटो निघतात, आणि पुढच्या रविवारपासून बाके रिकामी दिसू लागतात.

मराठी वाचकाला या विषयात वसईचा एक मुलगा आठवायला हवा. गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. त्याचे वडील पोर्तुगीज सैनिक होते, आई इथलीच कोकणची. वसईच्या किल्ल्यात तो येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला आणि पंधरा वर्षांच्या आसपास असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तिथे त्याने भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही तेव्हा तो व्यापारात पडला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

त्या सव्वीस जणांत लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता, अँटोनिओ तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसने वाटेत आपल्या आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. या मुलांच्या मरणाचा इतका गौरव होतो की त्यांचे जगणे नजरेआड जाते. ती फ्रान्सिस्कन मठात मदतनीस होती, वेदीसेवा करत होती, बंधूंच्या रोजच्या कामात त्यांचा हात होता. छळ सुरू झाला तेव्हा ती आधीपासूनच त्या कामातली माणसे होती. किशोरांसमोर हुतात्म्यांची चरित्रे ठेवताना हा भाग सांगितलाच पाहिजे. नुसता बलिदानाचा प्रसंग ऐकून चौदा वर्षांच्या मुलाला एवढेच वाटते की आपल्याला हे कधी जमणार नाही. मठातला स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्याला पाणी देणे या गोष्टी मात्र त्याला जमण्यासारख्या असतात.

एकोणिसाव्या शतकात तुरिनच्या डॉन बॉस्को या धर्मगुरूने काम सोपवून मुले घडवण्याचे हेच तत्त्व शहरातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी वापरले. १८५४ मध्ये तुरिनला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा त्याच्या वसतिगृहातली मोठी मुले रुग्णांच्या सेवेला गेली. त्याच वर्षी तिथे दाखल झालेल्या डॉमिनिक सावियोने १८५६ मध्ये सोबत्यांसह एक छोटी मंडळी उभारली. नव्याने आलेल्या, एकाकी पडलेल्या, वाट चुकणाऱ्या मुलांकडे एकेकाने लक्ष द्यायचे, हे त्या मंडळीच्या सभासदांचे काम. सावियो पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच वारला. मोठ्या माणसाचे शंभर उपदेश जिथे पोहोचत नाहीत तिथे समवयस्काची सोबत पोहोचते, हे डॉन बॉस्कोने ओळखले होते आणि म्हणून त्याने ते काम मुलांवरच सोपवले.

विसाव्या शतकात या विचाराला पद्धतीची जोड दिली ती बेल्जियमच्या जोसेफ कार्डायन या धर्मगुरूंनी. ते सेमिनरीतून सुटीला घरी आले तेव्हा कारखान्यात लागलेल्या बालपणीच्या मित्रांनी त्यांच्याकडे परक्यासारखे पाहिले. चर्च आपले नाही, ते मालकांचे आहे, ही त्या मुलांची भावना होती. त्यातून ब्रुसेल्समध्ये तरुण कामगारांसोबत काम सुरू झाले आणि १९२५ मध्ये ‘यंग ख्रिश्चन वर्कर्स’ ही चळवळ उभी राहिली. पाहा, पारखा, कृती करा ही तिची तीन पावले. आधी आपल्या भोवतीचे वास्तव नीट पाहायचे, मग ते शुभवर्तमानाच्या उजेडात पारखायचे आणि शेवटी आपल्या आवाक्यातले एक ठोस पाऊल टाकायचे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या पत्रात ही पद्धत स्वीकारली. शाळकरी मुलांसाठी ‘यंग ख्रिश्चन स्टुडंट्स’ ही चळवळ याच कुळातली असून ती मुंबईसह भारतात अनेक ठिकाणी चालते.

ही तीन पावले वसईतल्या एखाद्या धर्मग्रामात कशी पडतील, याचा विचार केला तर पद्धतीची ताकद कळते. दहा-बारा मुले आपल्या आळीत हिंडतात. कोणत्या विहिरीचे पाणी खारट झाले, कुठला ओहोळ बुजवला, कुणाची केळीची बाग गेली आणि पावसात कुठे पाणी तुंबते, याची नोंद करतात. मग ‘लौदातो सी’ या पर्यावरणावरील २०१५ च्या पोपपत्रातला एखादा भाग किंवा उत्पत्तीच्या पुस्तकातला अध्याय समोर ठेवून बोलतात. शेवटी एक विहीर साफ करणे, एका म्हाताऱ्या जोडप्याला पाणी भरून देणे, ग्रामसभेत एक प्रश्न मांडणे, असे काही ठरवतात. वसईत याला परंपराही आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने जमीन आणि पाणी यांचा प्रश्न हा श्रद्धेचाही प्रश्न आहे, हे दाखवून दिले आणि त्यात सर्व धर्मांचे लोक एकत्र आले. अशा कामात कॅथलिक मुलगी आपल्या हिंदू मैत्रिणीच्या शेजारी उभी राहते. तू हे का करतेस, असे मैत्रिणीने विचारले तर ती मनापासून उत्तर देऊ शकते. प्रेषितकार्याचे इतके स्वाभाविक रूप दुसरे सापडणे कठीण.

भारतात मिशनरी म्हटले की धर्मांतराची शंका लगेच येते, म्हणून हा मुद्दा किशोरांशी मोकळेपणाने बोलायला हवा. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकाचे आणि धर्माचे आचरण व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. चर्चची स्वतःची शिकवणही जबरदस्तीच्या विरोधात आहे. धर्मस्वातंत्र्यावरील १९६५ च्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये, असे म्हटले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी अपारेसिदातच सांगितले होते की चर्च वाढते ते आकर्षणाने. शाळेतला सोबती अल्पवयीन असतो, त्याच्या घरची श्रद्धा आदराची असते, तेव्हा त्याला गळ घालणे हे प्रेषितकार्य नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. स्वतःची श्रद्धा लपवून ठेवणे हेही नव्हे. गणपतीला मित्राच्या घरी जाणारा आणि नाताळला त्याला आपल्या घरी बोलावून गोठ्यातल्या बाळाची गोष्ट प्रेमाने सांगणारा मुलगा या दोन्हींच्या मधली वाट चालत असतो.

किशोरांना सोबत देणाऱ्या मोठ्यांविषयी पोप फ्रान्सिस यांच्या मार्च २०१९ मधील ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रात बरेच काही आहे. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये तरुणांवर सिनॉड, म्हणजे बिशपांची सभा, झाली होती, आणि तिच्या तयारीसाठी मार्च २०१८ मध्ये रोममध्ये सुमारे तीनशे तरुण जमले होते. आपल्याला कसा मार्गदर्शक हवा, हे त्यांनीच सांगितले: स्वतःच्या उणिवा मान्य करणारा, ऐकून घेणारा, चौथऱ्यावर न बसणारा, हाताला धरून ओढण्याऐवजी बाजूने चालणारा. चर्चच्या तरुणांमधल्या कार्याची धुरा तरुणांनीच वाहायची आहे, हेही त्या पत्रात ठामपणे येते. अनेक ठिकाणी मात्र युवा मंडळाचा कार्यक्रम आधी ठरतो आणि मुले नंतर बोलावली जातात. तो ठरवण्याच्या बैठकीत पंधरा वर्षांची दोन मुले बसवली तरी पुष्कळ फरक पडेल.

सोबतीबरोबर सुरक्षिततेचा प्रश्न येतोच. मुलांच्या विश्वासाचा गैरवापर चर्चमध्ये झाला आहे आणि त्याची जखम खोल आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तक्रार आणि चौकशी यांचे नियम बांधून दिले. भारतात मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि त्याखाली गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून युवा मंडळातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पारख, मुलांसोबत एकट्याने न राहण्याचा दंडक आणि तक्रार कुठे करायची याची माहिती आधी हवी, शिबिर नंतर. जिथे मूल सुरक्षित नाही तिथे त्याला शुभवर्तमान सांगण्याचा नैतिक अधिकारच उरत नाही.

मराठी कॅथलिक घरांत भाषेची एक अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मिस्सा मराठीत, आजीची संध्याकाळची रोझरी मराठीत किंवा सामवेदी, वाडवळी बोलीत, आणि मुलाची शाळा इंग्रजीत. त्यामुळे पुष्कळ मुलांना बायबल मराठीत सरळ वाचता येत नाही आणि प्रार्थनेतले जड शब्द कळत नाहीत. इंग्रजीत शिकलेली श्रद्धा घरच्या भाषेत सांगता आली नाही तर आजीला, शेजाऱ्याला, रिक्षावाल्याला ती कधी सांगणार? फादर दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ या दृष्टीने किशोरांच्या हाती द्यावे असे आहे. त्यांना रविवारी मिस्सेत वाचन द्यावे, आठवडाभर आधी तयारी करून घ्यावी, चुकले तर हसू नये.

मोबाईलबाबतही मोठ्यांचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. कार्लो अकुतिस या मुलाचे उदाहरण त्यावर बोलके आहे. तो १९९१ मध्ये लंडनमध्ये जन्मला, मिलानमध्ये वाढला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. संगणकाची आवड असलेल्या या मुलाने ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती जमवून संकेतस्थळ आणि प्रदर्शन उभे केले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत घोषित केले. त्याची गोष्ट सांगताना संगणकावर भर देण्याचा मोह होतो. तो रोज मिस्सेला जाई, धर्मग्रामातल्या लहानांना शिकवी, रस्त्यावर झोपणाऱ्यांना अन्न देई, हे तितकेच महत्त्वाचे. प्रार्थनेचा झरा नसेल तर किशोरांचे सगळे प्रकल्प दोन महिन्यांत थंडावतात. तेव्हा शांत बसून शुभवर्तमानाचा एक उतारा वाचणे, पापनिवेदनाला न घाबरता जाणे आणि देवाशी आपल्या शब्दांत बोलणे या गोष्टी कामाच्या सोबतीने शिकवाव्या लागतात. लिस्यूची संत तेरेझा पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि पुन्हा बाहेर पडली नाही, तरी १९२७ मध्ये चर्चने तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती ठरवले. अबोल, लाजऱ्या मुलांना तिच्याविषयी अवश्य सांगावे, कारण आपल्याला माईक धरता येत नाही म्हणून आपण निरुपयोगी, असे त्यांना वाटत असते.

शंकांनाही या वयात जागा हवी. विज्ञान शिकणारा मुलगा उत्पत्तीच्या कथेवर प्रश्न विचारतो, आजी वारल्यावर मुलगी देवावर रागावते. अशा वेळी गप्प बसवले तर ते मूल पुन्हा विचारत नाही आणि हळूहळू येईनासे होते. शुभवर्तमानात एम्माउसच्या वाटेवर येशूने निराश झालेल्या दोघा शिष्यांना आधी सगळे बोलू दिले, मग स्वतः बोलला. सिनॉडने तरुणांच्या सोबतीचा नमुना म्हणून हीच कथा निवडली.

बारावीनंतर मुले पांगतात. कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला, कुणी आखाती देशांत किंवा कॅनडात जाते. आतापर्यंतची सगळी मेहनत इथे गळून जाऊ शकते आणि यावर उपाय फारसा खर्चिक नाही. निघण्याआधी धर्मग्रामाने मुलाला मिस्सेत आशीर्वाद देऊन पाठवावे, तिथल्या कॅथलिक विद्यार्थी गटाचा किंवा धर्मगुरूंचा संपर्क द्यावा, आणि पहिल्या वर्षी इथल्याच कुणी तरुणाने दर महिन्याला फोन करावा. सुटीत परतलेल्या मुलामुलींना लहानांच्या वर्गासमोर बोलवावे. वसतिगृहात पहिल्यांदा आपला धर्म विचारला गेला तेव्हा काय वाटले, रविवारी उठून एकट्याने चर्च शोधायला किती जड गेले, कुणी सोबत आले का, हे त्यांनी सांगितले की नववीतली मुले कान देऊन ऐकतात.