लिहिण्याची परवानगी

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बहुधा आठ पायांची एक लहानशी फ्लॅश चिप असते. बायोस तिच्यात राहतो. तिच्यातलं वाचायचं तर 03 ही आज्ञा द्यावी, पत्ता सांगावा; बाइट येऊ लागतात. लिहायचं तर आधी परवानगी लागते.

परवानगी एका बाइटाची: 06. तो पोचला की चिपच्या स्टेटस रजिस्टरमधला एक बिट 1 होतो. मगच 02, तीन बाइटांचा पत्ता आणि मजकूर. लेखन संपलं की तो बिट आपोआप 0. पुढच्या लेखनाला पुन्हा 06.

परवानगी एका कामापुरती. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी वीज येता-जाताना तारांवर होणारा गोंगाट पाहिलेला होता. त्या गोंगाटातून एखादा 02 चुकून जुळू शकतो. आधी 06, मग 02, तेही बाइटाच्या नेमक्या हद्दीवर, हे जुळणं फार अवघड.

आज्ञा नक्की केव्हा कृती होते? चिप सिलेक्टची रेषा खाली आली की चिप ऐकू लागते. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट आत जातो. मजकूर आधी तात्पुरत्या जागेत साठतो. कायमच्या स्मृतीला अजून धक्काही लागलेला नसतो. रेषा वर गेली की काम सुरू. आणि ती शेवटच्या बाइटाचा आठवा बिट पोचल्यावरच वर जायला हवी. सातव्यावर सोडली, तर सगळी आज्ञा रद्द. अर्धवट ऐकलेल्यावर ही चिप काहीच करत नाही. एवढ्याशा वस्तूत हा संयम कुणीतरी विचारपूर्वक घातला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

नकार मात्र ती बोलून दाखवत नाही. परवानगी नसेल, गप्प. संरक्षित भाग असेल, गप्प. आधीचं काम चालू असताना नवं लेखन पाठवलं, तरी गप्प. विचारलं तर खरं सांगते: 05 पाठवावा, उत्तरातला सगळ्यात उजवीकडचा बिट 1 असेपर्यंत थांबावं. आय-स्क्वेअर-सी तारांवरच्या ईईप्रॉम चिपची रीत वेगळी. आतलं लेखन चालू असताना ती हाकेला ओ देत नाही. ओ आली म्हणजे झालं.

गप्प राहणाऱ्याला विचारण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. लिहिल्यावर वाचून पाहिलंच पाहिजे.

लेखन पानापानाने होतं; पान 256 बाइटांचं. 0 पासून मोजत 250 क्रमांकाच्या जागेपासून दहा बाइट लिहायला घेतले, तर सहा मावतात आणि उरलेले चार पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन बसतात. तक्रार नाही, इशारा नाही. हद्द सांभाळणं लिहिणाऱ्याकडे.

आणि लिहिणं म्हणजे इथे फक्त 1 चा 0 करणं. कोऱ्या जागेत सगळे 1 असतात. 01011010 वर 10100101 लिहिलं तर दोन्ही मजकूर जातात, आठ शून्यं उरतात. 0 चा पुन्हा 1 करायचा तर पुसावं लागतं, आणि अशा चिपांत पुसण्याचं सर्वांत लहान माप साधारणपणे 4096 बाइट. लिहिता येतो एक, पुसावे लागतात चार हजारांवर. पान लिहायला साधारण एक मिलिसेकंद. पुसायला त्याच्या कित्येक पट. शिवाय प्रत्येक पुसण्याने पेशी झिजते. अशा फ्लॅशला सहसा एक लाख फेऱ्यांची हमी असते.

म्हणून जाणते प्रोग्रॅमर जुनं पुसून त्याच जागी नवं लिहीत नाहीत. मध्येच वीज गेली तर दोन्ही हातची जातात. ते नवी नोंद आधी दुसऱ्या कोऱ्या जागी पूर्ण लिहितात, वाचून ताडून पाहतात, आणि मगच जुन्या नोंदीच्या कडेला राखून ठेवलेला एक बिट 1 वरून 0 करतात: ही नोंद बाद. त्याला काही पुसावं लागत नाही. कोणत्याही क्षणी वीज गेली तरी एक नोंद शाबूत असते, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की तीच शोधून कामाला लागतं.