मनगटावरचे सात लाख



मागच्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण आम्हाला भेटायला आला. जहाजावर नोकरीला आहे. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. चहा झाल्यावर त्याने मोबाइल काढला आणि एका घड्याळाचा फोटो दाखवला. रोलेक्स. वापरलेले, पण मूळ पेटी आणि कागदपत्रांसह. किंमत सहा लाख ऐंशी हजार. बटण दाबायचे, पैसे भरायचे, घड्याळ घरपोच. "फादर, हे घेतलं तर पाप होईल का?" असे त्याने सरळ विचारले. (हे पापनिवेदन नव्हते, आणि त्याला विचारूनच आम्ही लिहीत आहोत.)

आम्ही घाईने उत्तर दिले. एवढ्या पैशात किती मुलांची वर्षाची फी भरता येईल, याचा हिशेब त्याला ऐकवला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "फादर, यंदा सणाला मंडप, बँड आणि रोषणाईवर किती गेले?" आकडा आम्हाला ठाऊक होता. आम्ही गप्प बसलो.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

आधी घड्याळाकडे पाहू. १९६९ साली नेमक्या नाताळच्या दिवशी जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्या वेळी त्याची किंमत एका छोट्या मोटारीएवढी होती. पुढे हेच तंत्र इतके स्वस्त झाले की आज रस्त्यावर मिळणारे सेलचे घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा फारसे चुकत नाही. रोलेक्स मात्र स्प्रिंगवर आणि चाकांवर चालते, आणि दिवसाला दोन सेकंद पुढे-मागे होईल असे कंपनी स्वतःच सांगते, म्हणजे महिन्याला एक मिनिटापर्यंत. तेव्हा वेळ बरोबर कळावी म्हणून हे घड्याळ घेतो, असे म्हणायची सोय उरलेली नाही.

मग माणूस सात लाखांत काय विकत घेतो? सगळाच बडेजाव, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या इवल्याशा यंत्रात शेकडो वर्षांची कारागिरी आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हा शहरात कॅल्विनच्या कडक शिस्तीत दागिन्यांवर बंदी आली, तेव्हा तिथले सोनार घड्याळांकडे वळले आणि १६०१ साली घड्याळजींचा संघही उभा राहिला. दाराबाहेर काढलेला दागिना असा खिडकीतून आत आला. आपण कॅथलिकांनी यावर हसू नये. आपल्या वेद्यांवरचे सोनेरी कोरीवकाम पाहिले की आपल्यालाही सुंदर वस्तूंचे वावडे नव्हते हे दिसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला आहे. जगण्याला जे अत्यावश्यक ते एक. आपल्या स्थानाला आणि जबाबदारीला शोभेल असे जे लागते ते दुसरे. आणि त्यापलीकडे उरते त्यावर गरिबांचा हक्क आहे. दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात, उरलेल्यातून गरिबांना देणे हे कर्तव्य आहे असे पुन्हा मांडले. पण संत थॉमस एक अवघड गोष्टही सांगतात. 'स्थानाला शोभेल' याची रेघ एका बिंदूवर मारता येत नाही. त्यात पुष्कळ वाढवले तरी अतिरेक होत नाही आणि पुष्कळ कमी केले तरी माणूस उघडा पडत नाही. सेमिनरीत हे सारे लिहून आम्ही परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. सत्तावीस वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन समोर बसला, तेव्हा रेघ कुठे मारायची ते काही सुचेना.

आणि बेथानीचा प्रसंग आठवतच होता. एका स्त्रीने प्रभूवर जटामांसीचे मौल्यवान तेल ओतले. किंमत तीनशे दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. संत योहानाच्या शुभवर्तमानात, हे तेल विकून पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत, असे विचारणारा कोण आहे? यहूदा. त्या तरुणाला आम्ही जे ऐकवले ते शब्द जवळजवळ त्याचेच होते, हे ध्यानात आले तेव्हा बरे वाटले नाही. प्रभूने बाजू घेतली ती त्या स्त्रीची.

म्हणून 'महाग म्हणजे पाप' हे उत्तर टिकत नाही. पण ते तेल दुसऱ्यासाठी होते आणि ओतल्यावर तिच्या हाती काहीच उरले नाही. शिवाय तिने ते भर जेवणावळीत, सगळ्यांच्या देखत ओतले. आम्ही अडखळलो ते या शेवटच्या गोष्टीशी.

त्या तरुणाच्या वडिलांकडे एचएमटीचे घड्याळ होते. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून जपानी सिटिझन कंपनीच्या सहकार्याने ती घड्याळे तयार होऊ लागली, आणि मग लग्नात जावयाला एचएमटी देण्याची चालच पडली. घेताना घरचे चौघे दुकानात जात. सासरा किंमत विचारी, मामा घासाघीस करी, दुकानदार सगळ्यांना ओळखत असे. न परवडणारे घेऊ म्हटले तर कुणीतरी कोपराने ढोसायला होते. आता खरेदी रात्री एक वाजता होते, केबिनमध्ये, एकट्याने. रोलेक्स कंपनी स्वतः नवे घड्याळ ऑनलाइन विकत नाही, ठरलेल्या विक्रेत्यांच्या दुकानातूनच देते. म्हणजे पडद्यावर दिसते ते कुणातरी तिऱ्हाइताचे असते. त्या अनोळखी माणसावर आपण सात लाखांचा विश्वास टाकतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला काही सांगत नाही.

जाता जाता 'फर्स्ट कॉपी'विषयी. तीन हजारांत तसेच दिसणारे घड्याळ आपल्या काही तरुणांच्या हातात आम्ही पाहतो. खऱ्या घड्याळापेक्षा त्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. ते घेणारा फसलेला नसतो. दुसऱ्याला फसवण्यासाठीच त्याने ते घेतलेले असते. आठवी आज्ञा तोंडानेच मोडते असे नाही, मनगटानेही मोडते.

आता स्वतःविषयी. गुरुदीक्षेच्या वेळी कुवेतच्या काकांनी आम्हाला एक सोनेरी घड्याळ दिले. एवढे महाग नाही, पण साधेही नाही. परमगुरू फ्रान्सिस प्लॅस्टिकचे साधे घड्याळ वापरत, आणि नव्या मॉडेलच्या गाडीत फिरणारे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी पाहून आपल्याला दुःख होते, असे त्यांनी जुलै २०१३ मध्ये सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना सांगितले होते. ते वाचून आम्ही घड्याळ कपाटात ठेवले. नंतर एका लग्नासाठी बाहेर काढले, आणि ते आजही हातात आहे. त्या तरुणाने ते पाहिले असणार. तो काही बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

तो निघताना आम्ही एवढेच विचारले, "आईला किंमत सांगितलीस?"

त्याने मान खाली घातली. "वीस हजार सांगणार होतो, फादर."

"मग पाप आहे की नाही ते नंतर बघू. आधी खरा आकडा आईला सांग. त्यानंतरही घ्यावंसं वाटलं तर मला फोन कर."

तो हसला, पण अवघडून. सात लाख कमवण्यापेक्षा हे जास्त कठीण आहे, असे म्हणाला.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा जहाजावर गेला. त्याचा फोन आला नाही आणि आम्हीही केला नाही. मात्र बुधवारी मिस्सानंतर त्याची आई पायरीशी थांबली होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने हळूच विचारले, "फादर, घड्याळ सात लाखांचं असतं का हो?"

असते, असे आम्ही म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते समुद्राच्या पाण्यात चालतं ना पण?"