मोकळीक आणि ऋण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित देखभाल थांबली आणि धडधाकट चालणारी कितीतरी घरगुती यंत्रे एका दिवसात जुनी ठरली. अशा यंत्रावर ‘लिनक्स’ घालून घ्यावे, असा सल्ला तेव्हापासून अनेकांना मिळतो आणि त्याच्या शेवटी एक वाक्य हमखास येते : ‘शिवाय ते फुकट आहे.’ मीही भाच्याच्या मदतीने हा बदल केला. काम तासाभराचे. मला अडले ते ‘फुकट’ या शब्दापाशी.

कारण फुकट तर आधीचेही होते. पहिल्या संगणकाबरोबर दुकानदाराने घालून दिलेली प्रणाली विनापरवाना आहे, हे आम्हांला ठाऊक होते. ज्या घरात उसनी आणलेली साखर परत करताना वाटी शिगोशीग भरली जाते, ग्रंथालयाचे पुस्तक एक दिवस उशिरा गेले तर मान खाली जाते, त्याच घरात दहा वर्षे ही चोरी नांदली आणि तिला कोणी चोरी म्हटले नाही. कोणाचे काही कमी झाले नाही, मग चोरी कसली, हा आमचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ आहे असे मला आजही वाटत नाही. पण तो आम्ही कधी मोठ्याने केला नाही, यातच काय ते आले.

रिचर्ड स्टॉलमन या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत असताना तेथील मुद्रणयंत्रात कागद अडकला की सूचना मिळावी, एवढी सोय त्याला करायची होती. त्यासाठी सॉफ्टवेअरची मूळ संहिता हवी. ती ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने नकार दिला. कोणाला देणार नाही, असे त्याने लिहून दिले होते. स्टॉलमनच्या मते या माणसाने पुढे येणाऱ्या प्रत्येकाशी असहकार करण्याचे वचन आधीच देऊन ठेवले होते. १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा परवाना आला : वापरा, तपासा, बदला, वाटा, मात्र वाटताना पुढच्यालाही हेच अधिकार द्या. हेलसिंकीतील विद्यार्थी लायनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिलेला लिनक्सचा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला.

तो संशोधक दोषी होता, असे मला म्हणवत नाही. दिलेल्या शब्दापायी राज्य सोडणारा हरिश्चंद्र आपल्याला प्रिय आहे. आपले श्रम विकणारा पापी, हेही पटत नाही. तथापि शब्द देताना आपण तिऱ्हाइताचे काही देऊन टाकतो काय, हा प्रश्न स्टॉलमनने नेमक्या जागी ठेवला.

मग घेणाऱ्याचे काय? संहिता वाचण्याचा अधिकार मला आहे, पण ती मला वाचता येत नाही. मी पाणपोईवर पाणी पिणारा. रांजण कोण भरतो, हे मार्च २०२४ मध्ये जगाला दिसले. फायली आवळून लहान करणारे ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स यंत्रांत असते. वर्षानुवर्षे ते मुख्यतः एकच गृहस्थ विनामोबदला सांभाळीत होता. आपण थकलो आहोत, असे त्याने उघड सांगितले होते. उत्तरादाखल त्याला घाईची टोचणीच मिळाली. मदतीस आलेल्या एका अज्ञाताने दोनेक वर्षे विश्वास संपादन केला आणि आत चोरवाट पेरली. दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आली, म्हणून ती सापडली. सारे उघडे होते म्हणून त्याला शोधता आले, हे खरे. पण पिणारे कोट्यवधी आणि भरणारा एक, हेही तितकेच खरे.

तेव्हा माझ्या घरात झाले ते इतकेच, की लपवलेल्या चोरीच्या जागी उघडे ऋण आले. धनको मात्र दिसत नाही. ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते, म्हणजे ज्याने दिले त्याला परत न करता पुढच्याला देऊन फिटते. ही आपली जुनी कल्पना येथे बरीच जुळते. थोडे पैसे पाठवून पाहिले; ते दुधाचे बिल चुकते केल्यासारखे वाटले.

पडद्यावरचे मराठीही स्वयंसेवकांनीच घडवलेले आहे. त्यातले काही शब्द बोजड, काही सरळ चुकलेले. १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला. त्याच गावात राहून नुसती नाके मुरडणे बरे दिसेना. मी तीन दुरुस्त्या पाठवल्या. एक स्वीकारली गेली. दुसरी सकारण परत आली, आणि कारण योग्य होते. तिसऱ्या शब्दावर कोणा अनोळखी तरुणाने विचारले आहे, की हा शब्द तुमच्याकडे अजून कोण वापरते. त्याला उत्तर लिहायचे राहिले आहे.