सहा धाग्यांचे साटीन

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन सांगावे, असा भारतीय तत्त्वचर्चेचा जुना दंडक आहे. अमूर्त गणित यांपैकी प्रयोजनापाशी अडते. संख्यांचा विचार संख्यांसाठीच होत असेल, तर सामान्य माणसाच्या पदरात काय पडते?

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. प्रयोजनाच्या प्रश्नाचे एक उत्तर अशा मागावरच सापडते. साध्या साटीनमध्ये बाण्याचा प्रत्येक धागा ताण्याच्या एकाच धाग्यापाशी अडकतो, आणि ही जागा दर वेळी ठरावीक घरे पुढे सरकते. पाच धाग्यांत दोन-दोन घरांची उडी घेतली, तर 1, 3, 5, 2, 4 असे सगळे धागे बांधले जातात. सहा धाग्यांत तीच उडी 1, 3, 5 करून पुन्हा 1 वर येते. 2, 4 आणि 6 मोकळेच राहतात. तीनची उडी 1 आणि 4 यांतच फिरते, चारचीही गत दोनसारखीच. एकची किंवा पाचची उडी सगळे धागे बांधते खरी, पण कापडावर ट्विलची तिरपी रेघ उमटते. म्हणून सहा धाग्यांचे नियमित साटीन होऊच शकत नाही. उडी आणि धागे या संख्या सहमूळ, म्हणजे 1 खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या, असाव्या लागतात. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी 1867 मध्ये साटीनच्या विणीला हेच अंकगणित लावून दाखवले. विणकराला मात्र हा नियम सिद्ध करता यावा लागत नाही.

सहमूळ संख्यांविषयी ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेला सिद्धांतही असाच दूरवर गेला. संख्याशास्त्र व्यवहारात निरुपयोगी आहे, याचा इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांना 1940 मध्ये अभिमान वाटत होता. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्याच सिद्धांतावर गुप्त संदेशांची पद्धत उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण, यावर तिची सुरक्षितता टिकून आहे. टपरीवरच्या चहाचे पैसे फोनवरून देणाऱ्यालाही आज या जातीच्या गणिताचे संरक्षण असते. उपयोग खरा असतो, पण तो समजुतीच्या वाटेने येत नाही आणि आधी सांगताही येत नाही.

प्रत्येक कोड्याला असे दिवस येतातच असे नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची 6174 ही संख्या पाहावी. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करावा. 3524 घेतल्यास 3087, मग 8352, मग 6174, आणि पुढे तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हा मुक्काम गाठला जातो. यावर कोणतेही यंत्र चालत नाही. तरी वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला पाटीवर हे स्वतः पडताळता येते, आणि फोनमधल्या गणितापेक्षा हे गणित त्याच्या अधिक मालकीचे असते.