बहात्तर पाहिलेली माणसं

वृद्धाश्रमात रिकाम्या हाताने जायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. वाढदिवसाला केक, पितृपक्षात जेवण, थंडीत ब्लँकेटं. फळवाटप होतं, फोटो निघतो आणि पाहुणे तासाभरात परततात. ही मदत मी कमी लेखत नाही. अनेक संस्थांचा किराणा अशाच देणग्यांवर चालतो. पण छत्रपती संभाजीनगरात ज्येष्ठांमध्ये वावरताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. सतत घेत राहण्याचा या माणसांना शीण आला आहे. त्यांच्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मागायला कोणी येत नाही.

आज पंच्याऐंशी ओलांडलेल्यांचं इथलं बालपण निजामाच्या राजवटीत सुरू झालं. बाबासाहेबांनी १९५० साली उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात घराण्यातले पहिले पदवीधर ठरलेली माणसं अजून आपल्यात आहेत. जायकवाडी धरणाच्या पाण्यामुळे गाव सोडावं लागलेली आहेत. आणि सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांनी १९७२चा दुष्काळ अंगावर काढला आहे.

गंगापूर तालुक्यातल्या एका आजींना मी विचारलं, "बहात्तरला कुठं होता?" गुडघ्याला तेल चोळत होत्या, हात थांबला. "खडी फोडाया व्हते. तान्हं लेकरू झाडाखाली निजवायचं अन् बसायचं फोडत." डावा अंगठा पुढे केला. नख मधोमध चिरलेलं, कायमचं. चिंध्या गुंडाळून दगड धरायचा, तरी हातोडी बसायचीच. मग मिलोचा विषय निघाला. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. थापताना भाकरी तुटायची, पोरं तोंड फिरवायची. मुकादमाने हजेरी कमी लावली की सगळ्या बायका हातोड्या खाली ठेवून बसून राहायच्या, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. "पहिल्यांदा माझ्या हातात पैका आला. त्यातून म्या पोरीला पाटी घेतली."

दुष्काळातल्या अशा कामांशी जोडलेली रोजगार हमी योजना मी पुस्तकात वाचली होती. तिचे जनक वि. स. पागे यांचं नाव, १९७७चा कायदा, २००५ साली साऱ्या देशासाठी झालेला कायदा, सगळं पाठ होतं. घामाचा पैसा स्वतःच्या मुठीत आल्यावर एका बाईने घरात पहिला निर्णय कोणता घेतला, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

सगळेच म्हातारे शहाणे असतात, असं मात्र नाही. काही जण तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगतात, काहींची सालं एकमेकांत मिसळतात, खिडकीजवळच्या खाटेवरून भांडणंही होतात. ऐकणाऱ्याने तेही ऐकावं. वयाला देवपण चिकटवलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो, आणि कीव केली तरी तेच होतं.

वृद्धाश्रम म्हटलं की मुलांच्या कृतघ्नतेवर प्रवचन सुरू करण्याची सवयही आता सोडायला हवी. मला भेटलेल्यांत काहींना मूलबाळच नव्हतं, काहींची मुलं त्यांच्या आधी गेली, काही बायकांना जावयाच्या दारात राहणं पटलं नाही. मुलांनी टाकलं असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याने निर्वाह भत्ता मागता येतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण चार वाजताच्या चहाला सोबत बसणारं माणूस कुठलाही कायदा देऊ शकत नाही. ते काम आपलं आहे.

पैठण रस्त्यावरचा मातोश्री वृद्धाश्रम असो की तुमच्या कॉलनीतला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. वृद्धाश्रमात जाणार असाल तर आधी वेळ विचारून घ्या. दुपारची झोप मोडू नका. सोबत वही न्या. परवानगी घेऊन लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, म्हणजे चुकलेलं ते दुरुस्त करतील. बहात्तर साली विशी-पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा.