हॅपिसबर्ग की हेझब्रा?

सैल बसा. घाई नाही. एक नाव घेऊ आणि त्याच्यापाशी जरा थांबू.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोकमध्ये, एक लहान गाव आहे. त्याच्या पाटीवरची अक्षरं एकेक करून मनात मांडा: एच, ए, पी, पी, आय, एस, बी, यू, आर, जी, एच. ओठांवर 'हॅपिसबर्ग' येईल. येऊ द्या. गावकरी म्हणतात 'हेझब्रा'. पाटीवरच्या दोन 'पी'ना तोंडात जागाच नाही. हसू आलं तर हसा.

आता सावकाश मागे चला, १०८६ पर्यंत. विल्यम राजाची माणसं जमीन, नांगर, गुरं मोजताहेत. त्या मोजणीच्या वहीत, डूम्सडे बुकात, या गावाची नोंद होते 'हापेसबुर्क' अशी. 'पी' एकच, शेवटी 'सी'. बोलणारा इथला, लिहिणाऱ्याची भाषा लॅटिन. त्या दोघांमधल्या जागेत थोडं रेंगाळा. एकाचा आवाज, दुसऱ्याचा कान, मग बोरू.

नावाच्या सुरुवातीला कुणी 'हॅप' आहे. त्याची तटबंदीची जागा ती ही, असा अर्थ लावतात. तटबंदी गेली, हॅपही गेला. त्याच्या नावातला 'प' लोकांनी बोलता बोलता कधी गिळला, त्यांनाही कळलं नसेल.

इथला कडा वाळूचा आणि चिकणमातीचा, भुसभुशीत. समुद्र तो खात आलाय. रस्ता खचला, घरं गेली. २०१३ मध्ये याच किनाऱ्यावर माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले, आठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचे. काही दिवसांतच लाटांनी ते पुसले. त्या पावलांपुढे १०८६ ही काल-परवाची गोष्ट वाटते. वाटू द्या.

मग नजर पाण्याकडे न्या. किनाऱ्यापासून दूर वाळूचा एक लांबलचक, बुडालेला पट्टा आहे. सागरी नकाशात तो 'हेझबरो सँड'. नाव गावाचंच, पण कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. 'पी'चा पत्ता नाही. मला हे दर्यावर्दी स्पेलिंग जास्त आवडतं. जहाजं गिळणाऱ्या वाळूला हाक मारताना मुकी अक्षरं कशाला सांभाळायची?

१८०१ मध्ये 'इन्व्हिन्सिबल' ही युद्धनौका याच भागातल्या वाळूवर रुतून बुडाली. शेकडो खलाशी गेले. त्यांतल्या अनेकांना गावच्या चर्चच्या आवारात मूठमाती मिळाली. म्हणजे समुद्रात 'हेझबरो' आणि दफनभूमीत दोन 'पी'वालं गाव. दोन्ही स्पेलिंगं शेजारी ठेवा. खरं कुठलं, हा प्रश्न उठेल. उत्तर द्यायची घाई करू नका.